पान लागल्यावरचे पहिले तीन तास

महोदय,

नागपंचमी जवळ आली की वर्तमानपत्रांत दोन मजकूर ठरलेले. एकात नाग शेतकऱ्याचा मित्र असतो आणि वारुळापाशी हळदकुंकू वाहणाऱ्या सुवासिनींचे छायाचित्र असते. दुसऱ्यात साप दूध पीत नाही, पुंगीवर डोलत नाही, डूख धरत नाही, हे बजावलेले असते. दोन्ही आपापल्या जागी ठीक. पण साप चावल्यावर खानदेशात चोपडा-यावल पट्ट्यातल्या एखाद्या मळ्यात किंवा धडगावच्या एखाद्या पाड्यावर रात्री दहा वाजता पहिली हाक कोणाला जाते, कोण काय बोलते, कोण कोणाला थांबवते, यावर त्यांत एक ओळ नसते. माणूस राहतो की जातो, ते मात्र तिथेच ठरते. श्रद्धा माणसाच्या डोक्यात काय करते, याची चर्चा व्यासपीठांवर पुष्कळ झाली. ती घड्याळात काय करते, ते आम्हांला मांडायचे आहे.

प्रश्न लहान नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले आणि बहुतेक खेड्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढला आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले. आराखडा दिल्लीत आहे, चावा बांधावर आहे. मधल्या अंतरात जे उभे आहे त्याला आपण सरसकट ‘अंधश्रद्धा’ म्हणतो आणि पुढे जातो.

सुरुवात शब्दापासूनच करावी लागते. दिवेलागणीनंतर सापाचे नाव घ्यायचे नाही, घेतले तर तो येतो. म्हणून ‘जनावर’, ‘लांबडं’, आणि चावला तर ‘पान लागलं’. भाषा म्हणून सुंदर आहे. पण दवाखान्याच्या खिडकीशी नातेवाईक ‘काहीतरी चावलं’ एवढेच म्हणतो, बाहेरगावची नवी नर्स ‘पान लागलं’ ऐकून गोंधळते, आणि केसपेपरवर ‘किडा चावल्याची तक्रार’ असे पडते. तसे पडले की रुग्ण बाकावर बसतो. याला उपाय दोन्ही बाजूंनी आहे. खिडकीवरच्या माणसाने स्वतःहून विचारावे, ‘पान लागलं का? जनावर होतं का?’ आणि घरच्यांनी स्पष्ट सांगावे: साप चावला, अमुक वाजता, अमुक ठिकाणी. नाव घेतल्याने तो येतो ही भीती मान्य केली, तरी आता तो येऊन गेलेला आहे.

आता भगताकडे, म्हणजे मंत्राने विष उतरवणाऱ्याकडे, वळू. भगत लबाड असतो, हे शहरातले गृहीतक. काही असतील, पण बहुतेक भगतांचा स्वतःच्या मंत्रावर पूर्ण विश्वास असतो, आणि तो विश्वास हवेतून आलेला नाही, हिशेबातून आलेला आहे. डॉक्टरांसाठीच्या उपचार मार्गदर्शिकेत एक ढोबळ प्रमाण दिलेले असते: शंभर चाव्यांपैकी सत्तरेक बिनविषारी सापांचे. उरलेल्या तीसांपैकी निम्मे ‘कोरडे’, म्हणजे साप विषारी पण विष सोडलेच नाही. राहिले पंधरा. म्हणजे भगताने नुसते तांदूळ मारले, पाणी फुंकले, काही न करता बसून राहिला, तरी शंभरातले पंच्याऐंशी उठून घरी जाणार. कोणत्या डॉक्टरच्या हाताला असे यश असते? आणि ते पंच्याऐंशी गावात फिरत असतात, बाजारात भेटतात, ‘मला दादाने उतरवलं’ असे सांगतात. पंधरांतले गेलेले सांगायला येत नाहीत. त्यांच्याबद्दल गाव म्हणते, ‘उशीर झाला होता’ किंवा ‘काळच होता.’

धामण, दिवड, कवड्या, तस्कर, नानेटी हे सगळे त्या सत्तरांत येतात. यातला कवड्या रात्री घरात पालींमागे येतो आणि अंगावरच्या आडव्या पट्ट्यांमुळे हुबेहूब मण्यारीसारखा वाटतो. भगताने कवड्याचा चावा ‘मण्यार’ म्हणून उतरवला की त्याची कीर्ती पाच गावे जाते. फरक पाहायचा तर कवड्याच्या पट्ट्या मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीच्या पट्ट्या पुढे पुसट, मागे ठळक, बहुधा जोडीजोडीने. आणि पाठीच्या मधल्या रेषेवर मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ. पण हे वाचून कोणी सापाजवळ निरखायला जाऊ नये. ओळख नाही पटली तरी उपचार अडत नाही, कारण आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच आहे.

परीक्षेच्या रीतीही तशाच. कडुनिंबाचा पाला खायला द्यायचा; कडू लागला तर विष नाही, गोड किंवा बेचव लागला तर चढलेले. मिरचीचे तसेच. भीतीने तोंड कोरडे पडलेल्या माणसाला काहीच धड लागत नाही, आणि घोणस चावलेल्याला पाला कडूच लागतो, कारण घोणशीचे विष जिभेवर नाही, रक्त गोठण्यावर जाते. म्हणजे परीक्षा दोन्हीकडून चुकते. कोंबडीची पिल्ले जखमेवर लावतात, पिल्लू मरते, ‘विष ओढलं’ असे म्हणतात. पिल्लाची चोच आणि मान घट्ट धरून ठेवली की ते गुदमरून मरते. जखम नसलेल्या हातावर धरले तरी मरेल.

यातली एक समजूत मात्र आम्हांला फार बोलकी वाटते. पान लागलेल्याला झोपू द्यायचे नाही. ढोल वाजवायचा, डोक्यावर पाणी ओतायचे, दोघांनी धरून चालवायचे. ही समजूत मूर्खपणातून आलेली नाही. नाग किंवा मण्यार चावल्यावर सगळ्यात आधी पापण्या जड होतात आणि खाली येतात. पाहणाऱ्याला वाटते, झोप येते आहे. मग बोलणे बोबडे होते, गिळता येत नाही, मान टेकते, शेवटी छातीचे स्नायू थकतात आणि श्वास थांबतो. म्हणजे पूर्वजांनी पाहिले ते अगदी बरोबर पाहिले होते: ‘झोपला’ तो गेला. अर्थ तेवढा उलटा लागला. झोपेमुळे विष चढत नाही. विष चढल्यामुळे पापण्या पडतात. ज्या क्षणी ढोल जोरात वाजवला जातो, तो क्षण गाडी काढायचा असतो. आणि चालवल्याने स्नायू हलतात, विष लवकर पसरते.

मण्यारीचे प्रकरण सगळ्यात अवघड, कारण तिथे श्रद्धेला मोकळे मैदान मिळते. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात बारीक, दुखत नाही, सूज नाही, खूण शोधून सापडत नाही. पहाटे दोन-तीनला पोटात कळ येते, ओकारी होते, घसा धरतो. घरचे ओवा-हिंग देतात. सकाळी पापण्या पडलेल्या, जीभ जड. दिसेल असा चावा नाही, साप कोणी पाहिला नाही; मग उरते काय? ‘बाहेरचं’ झाले, वारे लागले, कोणीतरी काही केले. गावातल्या एखाद्या एकट्या बाईकडे बोट जाते, आणि सर्पदंशातून डाकिणीचे प्रकरण उभे राहते. म्हणून पावसाळ्यातला साधा नियम पाठ असावा: रात्री जमिनीवर झोपलेला धडधाकट माणूस पहाटे पोट दुखते म्हणाला आणि त्याच्या पापण्या पडत असतील, तर खूण असो वा नसो, मण्यार समजून निघायचे. लक्षणे उमटायला कधी बारा तासही लागतात.

मण्यारीच्या विषाने माणूस असा निपचित पडतो की बुबुळ हलत नाही, चिमटा काढला तरी प्रतिसाद नाही. हृदय मात्र चालू असते, कानांनी ऐकूही येत असते. कृत्रिम श्वास मिळाला तर असा माणूस काही दिवसांनी उठतो. ‘पान लागलेला मेला तरी जाळू नये, तो उठतो’ या समजुतीचे मूळ इथे असावे, असा आमचा तर्क. फक्त त्याला निंबाच्या पाल्यात ठेवून उठवता येत नाही. तोंडाला फुगा (हाताने दाबून हवा देणारी पिशवी) लावून श्वास देत राहावे लागते.

घोणशीचे गणित वेगळे. केळीच्या बागेत पिले (बुंध्याशी फुटलेले कोंब) कापताना, वाळलेली पाने ओढताना, कापसाच्या निंदणीत हात-पाय खोडाशी जातो तेव्हा ती चावते. लगेच आग, सूज, रक्त. भगत दोरा बांधतो, ‘विष बांधलं’ म्हणतो. शिकलेली माणसे दोरीने किंवा रुमालाने करकचून बांधतात. आमच्या मते ही दुसरी रीत म्हणजे त्या दोऱ्याचेच सुशिक्षित रूप. घट्ट बांधले की घोणशीचे विष एका जागी साठून मांस सडवते, आणि दवाखान्याच्या दारात कोणी ती दोरी फटकन सोडली तर साठलेले विष एकदम अंगात जाऊन माणूस तिथेच कोसळतो. बांधूनच आणले असेल तर दोरी सोडायची ती सलाइन लावून, प्रतिविष सुरू करून, डॉक्टरसमोर. ब्लेडने चिरा देणे त्याहून वाईट, कारण घोणस आणि फुरसे चावलेल्याचे रक्त गोठत नाही. चिरेतून ते वाहतच राहते.

घोणशीतला खरा दगा नंतरचा आहे. रात्री भगताने उतरवले, सूज थोडी ओसरली, माणूस घरी आला. तिसऱ्या दिवशी लघवी कमी, तोंडावर सूज: मूत्रपिंडे बसत चाललेली असतात. गावाचे निदान तयार असते: पथ्य मोडले. तेल खाल्ले, मटण खाल्ले, विटाळशीची सावली पडली. भगताच्या पथ्यांची यादी इतकी लांब असते की त्यातले काहीतरी मोडतेच. ही त्या विचारपद्धतीची सगळ्यात पक्की कडी आहे. गुण आला तर मंत्राचा, नाही आला तर दोष घरच्यांचा, आणि बहुतेक वेळा घरातल्या बाईचा.

त्या बाईबद्दल दोन वाक्ये अधिक. स्त्रीला साप चावला तर तिने आधी कोणाला सांगायचे, गाडीत सोबत कोण बसणार, पुरुष माणूस घरी येईपर्यंत थांबायचे का, यात वेळ जातो. पाळी चालू असेल तर ती भगताच्या ओट्यावर चढू शकत नाही, म्हणून पाळी लपवते किंवा चावाच लपवते. जोडवी, बांगड्या, पैंजण हे सौभाग्याचे म्हणून काढायचे नाहीत. सूज चढली की तेच बोटात रुततात आणि मग कापून काढावे लागतात. चावल्याबरोबर ते सैल करून पदराला बांधावेत. सौभाग्य पदरात राहते.

हे सगळे वाचून ‘खेड्यातले लोक’ असे म्हणणाऱ्यांसाठी थोडे थांबावे लागेल. होमिओपॅथीच्या अमुक औषधाचे तीन थेंब जिभेवर टाका, साप चावलेला वाचतोच, असा संदेश दर पावसाळ्यात फिरतो. तो पाठवणारे नोकरदार असतात. पत्रिकेतल्या कालसर्पासाठी हजारो रुपये मोजणारेही भगताला हसतात.

आणि दवाखान्यात श्रद्धा नसते, असेही नाही. ‘प्रतिविषाने रिॲक्शन येऊन रुग्ण दगावतो’ ही भीती काही डॉक्टरांच्या मनात मंत्रासारखी बसली आहे. तिच्यापोटी तीन रूढी चालतात: आधी कातडीत थेंबभर टोचून चाचणी घ्यायची, मग दोनच बाटल्या द्यायच्या, आणि मग ‘पुढे न्या’ म्हणून चिठ्ठी लिहायची. यातली चाचणी निरुपयोगी ठरलेली आहे. ती रिॲक्शन सांगत नाही आणि वेळ खाते. दोन बाटल्यांचे गणित तर बसतच नाही. घोणस एका चाव्यात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते. एक मिलिलिटर प्रतिविष तिचे ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करते. भागाकार केला तर १०५ मिलिलिटर, म्हणजे दहा मिलिलिटरच्या सुमारे दहा बाटल्या. म्हणून सुरुवातच आठ ते दहा बाटल्यांनी, सलाइनमध्ये मिसळून, तासाभरात. मुलालाही तेवढ्याच, गरोदर बाईलाही तेवढ्याच, कारण लहान मूल पाहून साप विष कमी सोडत नाही. रिॲक्शन येऊ शकते, हे खरे. तिच्यासाठी ॲड्रिनॅलिन अर्धा मिलिग्रॅम सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवायचे आणि अंगावर गांध उठताच मांडीच्या स्नायूत द्यायचे. पापण्या पडल्या असतील तर सोबत निओस्टिग्मिन दीड मिलिग्रॅम आणि ॲट्रोपिन ०.६, नागाच्या विषात त्याचा उपयोग होतो, मण्यारीत फारसा नाही. लक्षणेच नसतील तर प्रतिविष द्यायचे नाही, पण चोवीस तास घरीही सोडायचे नाही. एवढे करून मग पुढे पाठवावे. ‘पुढे’ म्हणजे धुळे किंवा जळगाव, आणि वाटेत श्वास थांबला तर फुगा दाबायला माणूस सोबत.

प्राथमिक आरोग्य केंद्रांत पावडरच्या बाटल्या मागवाव्यात. द्रवरूप प्रतिविष २ ते ८ अंशांत ठेवावे लागते आणि आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. पावडर विरघळवताना बाटली दोन तळव्यांत हळू फिरवायची. खळखळ हलवली की फेस होतो आणि औषध वाया जाते.

कडुनिंबाच्या पाल्याला आमच्या मते एकच खरे उत्तर आहे, आणि ते म्हणजे काचेची नळी. रुग्णाचे दोन-तीन मिलिलिटर रक्त नव्या, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता उभे ठेवायचे, मग तिरके करायचे. गोठले तर ठीक; पाण्यासारखे वाहिले तर घोणस किंवा फुरशाचे विष. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर परीक्षा चुकते. पहिल्यांदा गोठले म्हणून निश्चिंत व्हायचे नाही. पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने पुन्हा पाहायचे. ही चाचणी आत टेबलावर करू नये. दाराशी, नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर करावी. भगताचे सामर्थ्य हे आहे की त्याची परीक्षा सगळ्यांना दिसते. दवाखान्यात सगळे पडद्याआड होते आणि बाहेर फक्त ‘थांबा’ एवढेच येते. वाहणारे रक्त एकदा बापाने पाहिले की ‘उचलून भगताकडे नेतो’ ही भाषा आपोआप थांबते.

कारण भगत ज्या प्रश्नाचे उत्तर देतो तो डॉक्टर ऐकूनही घेत नाही. घरचे विचारतात, ‘ह्यालाच का?’ शेतात वीस माणसे होती, ह्यालाच का चावला? डॉक्टर फार तर ‘कसे’ सांगतो. भगत ‘का’ सांगतो: नवस राहिला, वारूळ मोडले, कुळदैवताचे मागणे आहे. त्या उत्तराने घाबरलेल्या घराला काहीतरी करायला मिळते. शिवाय तो अहिराणीत, भिलीत, पावरीत बोलतो, अंगणात येतो, पैसे नंतर घेतो. दवाखान्यात सर्पदंश म्हणजे पोलिसांत नोंद, आणि पोलीस म्हटले की पाड्यावरची माणसे बिचकतात. डोंगरातून झोळी करून रस्त्यापर्यंत आलेल्यांना ‘आधी कुठल्या बुवाकडे गेला होतात?’ असे दरडावले, की पुढच्या वेळी ते भगताकडे जायचे थांबत नाहीत; फक्त सांगायचे थांबतात. मग पोटात कोणती मुळी गेली, दोरी किती वेळ होती, हे कळत नाही. ओकारीची जडीबुटी प्यायलेला आणि गिळता न येणारा रुग्ण ती छातीत ओढून घेतो. म्हणून विचारायचे ते इतकेच: किती वाजता चावला, काय पाजले, काय बांधले, कुठे चिरले. आवाज खाली ठेवून.

कायद्याचाही नीट अर्थ लावायला हवा. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे; सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड. त्यात कळीचा शब्द ‘रोखून’ हा आहे. देवाचे नाव घेणे, अंगारा लावणे गुन्हा नाही. गाडी अडवणे गुन्हा आहे. हे भगतांना बसवून सांगितले तर त्यांना सन्मानाने बाजूला होण्याची वाट मिळते: ‘मी अंगारा लावला, आता दवाखान्यात न्या, तिथे माझा गुण लागेल.’ आमची यावर काहीही हरकत नाही. गुण भगताला जाऊ द्या, बाटल्या रुग्णाला.

भगताला सांगायला एक गोष्ट आमच्याकडे आहे आणि ती खरी आहे. दवाखान्यातले प्रतिविष मूळचे सापाच्याच विषातून येते. देशातल्या प्रतिविषासाठी लागणाऱ्या विषाचा मोठा भाग तामिळनाडूतल्या इरुळा आदिवासींची १९७८ मध्ये स्थापन झालेली सहकारी संस्था पुरवते. पिढ्यान्‌पिढ्या साप पकडणारी ही माणसे. ते विष थोडे थोडे घोड्याला टोचतात, घोड्याच्या रक्तात त्यावर तोड तयार होते, ती वेगळी काढून बाटलीत भरतात. सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याची नुसती चाल बघून किंमत सांगणाऱ्या माणसाला आणि खंडेरावाच्या वारूला हात जोडणाऱ्या माणसाला ही गोष्ट लगेच कळते. विषाला विषाने उतारा, तोही आदिवासीच्या हातचा आणि घोड्याच्या रक्तातला, हे त्याच्या जगाबाहेरचे नाही. ‘शास्त्रीय दृष्टिकोन’ या शब्दाने जे होत नाही ते या दोन वाक्यांनी होऊ शकते.

व्रतांच्या बाबतीतही भांडण्यापेक्षा जुळवून घेणे बरे. चातुर्मासात काही जण भूमिशयन पाळतात. मण्यारीचा हंगाम नेमका तोच. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशातल्या घरांत कानबाई ही देवी बसते तेव्हा सुरत-नाशिक-पुण्याहून भाऊबंद येतात, घर भरते, धाब्याच्या घरात ओळीने जमिनीवर झोपणे होते. खाट घ्या म्हटले तर व्रत मोडते. मग चटईवरच मच्छरदाणी बांधा आणि तिची कड चारी बाजूंनी चटईखाली खोचा. माणूस जमिनीवरच झोपतो, व्रत शाबूत राहते, आणि साप आत येत नाही. अनवाणी चालण्याचा नवस असेल तर तो दिवसाउजेडी फेडावा, रात्री हातात बॅटरी आणि पुढे काठी आपटत. नागपंचमीला एक दिवस नांगर धरत नाहीत, खणत नाहीत, चिरत नाहीत. त्यात उगाच विज्ञान शोधायची आम्हांला गरज वाटत नाही. मात्र त्या सुटीच्या दिवशी घराला टेकलेला पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळल्या काड्यांचा) ढीग वीस-पंचवीस फूट लांब हलवावा, काठीने ढोसून मगच हात घालावा, आणि दादर-बाजरीची पोती जमिनीवरून उचलून ठेवावीत. उंदीर आला की साप येतोच.

चावल्यावर करायचे ते थोडेच आहे. माणसाला धीर द्या आणि आडवे करा. चावलेला हात-पाय, हाड मोडल्यावर बांधतो तसा, फळी किंवा काठी लावून सैल पट्टीने स्थिर करा. पट्टीखाली बोट सहज जावे. वेळ लिहा. १०८ ला फोन करा, पण गाडी यायला वेळ असेल तर दुचाकीवर मधे बसवून, मागे धरणारा घेऊन निघा. साप शोधत बसू नका. वाटेत मारुतीचे देऊळ लागले तर इंजिन चालू ठेवून अंगारा घ्या.

आणखी एक गोष्ट, पैशाची आहे म्हणून लोक ऐकतात. शेतकरी किंवा त्याच्या घरातली एक व्यक्ती, वय १० ते ७५, सर्पदंशाने गेली तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपये मिळतात. भगताच्या ओट्यावर माणूस गेला आणि पहाटे उरकून टाकले, तर दवाखान्याचा एकही कागद नसतो आणि विधवा वर्षभर कृषी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवते.

संपादक महोदय, आपल्याकडे मागणे एवढेच की नागपंचमीच्या अंकात एक चौकट द्यावी: जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांत आज कोणत्या सरकारी दवाखान्यात प्रतिविषाच्या किती बाटल्या आहेत आणि रात्री तिथे डॉक्टर असतो का. दहापेक्षा कमी बाटल्या असतील तिथे आकडा ठळक छापावा. माहिती जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्याकडून एका फोनवर मागता येते. जागा कमी पडली तर वारुळाचे छायाचित्र थोडे कापावे.

आपले,
सर्पबचाव आणि ग्रामीण आरोग्याच्या कामातील काही जण,
शिरपूर–चोपडा परिसर